नांतेच्या जागी

१२ जानेवारी

कॅप्टन बुगारिन म्हणाले, विमान कसं उडवलंस ते लॉगबुकात लिहायचं आणि काय वाटलं ते खोलीवर जाऊन वहीत लिहायचं. लॉगबुक ते तपासणार, वही तपासणार नाहीत. "तरी लिही," म्हणाले. "तुझ्या भावालाही हेच सांगितलं होतं."

"मग त्याने लिहिलं?"

"तो कसला लिहितोय."

तर आज पहिलं उड्डाण झालं. दोन माणसांचं सेस्ना विमान. दार एका ओढीत लागत नाही, कोपराने ढकलावं लागतं. मी बुटकी, म्हणून खाली उशी घेतली. भावाला, नांतेला, उशी लागत नसे. धावपट्टी सोडल्यावर डाव्या हाताला समुद्र आला. कॅपनी थोडा वेळ विमान माझ्या हातात दिलं.

"डावीकडे घे, नांते," ते म्हणाले.

"हो, कॅप," म्हणत मी डावीकडे घेतलं.

उतरल्यावर म्हणाले, "माफ कर पोरी, तोंडात बसलंय ते नाव." मी म्हटलं, चालतं.

काय वाटलं: वरून माणसं लहान दिसतात असं सगळे सांगतात. तशी दिसली.

१५ जानेवारी

वाटलेलं काही सापडत नाही, म्हणून झालेलं लिहिते.

कुया नांते, माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. इथेच, लिंगायेनच्या या शाळेत विमान चालवायला शिकत होता. एकट्याने उडून झालं होतं, शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. सप्टेंबरात मोटरसायकलवरून घरी बोलिनाओला येत होता. आग्नो नदीचा पूल ओलांडला की लाब्राडोरचं वळण लागतं, तिथे समोरून वाळूचा ट्रक आला. आम्ही आकाशाकडे बघून काळजी करत राहिलो आणि पोरगा रस्त्यावर गेला. हे वाक्य माझं नाही. दफनाच्या दिवशी कुणीतरी म्हणालं, मग जो तो तेच म्हणायला लागला.

घरी नऊ दिवस प्रार्थना चालली. माणसं येत होती, रात्र जागवायला पत्ते खेळत बसत होती. मी कॉफी करत होते. ताताय, माझे वडील, जहाजावर आचारी आहेत, तेव्हा ब्राझीलच्या आसपास होते. ते पोचले नाहीत. शवपेटी त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिली. मावशी म्हणाली, "दाली, बाई, रड थोडी, नाहीतर आत साचेल." पण साखर संपत आली होती, ती आणायला जायचं होतं.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, पाहुणे गेले, आणि मोठी पातेली घासताना नानाय, माझी आई, म्हणाली, "त्याची जागा रिकामी ठेवायची नाही." मी बरं म्हटलं. मी तेव्हा बोलिनाओच्या समुद्रकेंद्रात काम करायचे. तिथे राक्षसी शिंपल्यांची पिल्लं वाढवतात, त्यांच्या टाक्या माझ्याकडे होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, आता येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, मी वैमानिक होणार आहे. ते हसले नाहीत. मी हसले असते.

२३ जानेवारी

खोली नांतेचीच आहे, घरमालकीण मानांग मिलागच्या घराच्या मागे. त्याचे शर्ट तसेच टांगलेले आहेत. तेच घालते, बाह्या दुमडून. वेगळे कपडे कशाला.

नानाय रोज संध्याकाळी फोन करते. जेवलीस का, आज किती वर गेलात. 'गेलात' म्हणते, मला आणि कॅपना धरून म्हणत असेल. आज बोलता बोलता दोनदा नांते म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. वेळ वाचतो.

रविवारी घरी येऊ का विचारलं. नको म्हणाली. "तिथेच राहा. अभ्यास कर. सुकवलेली मासळी बसच्या ड्रायव्हरबरोबर धाडते." बोलिनाओ काही लांब नाही, पण तिचंही बरोबर आहे. अभ्यास आहेच.

३ फेब्रुवारी

आज विमान कोसळवायला शिकवलं. म्हणजे खोटं कोसळवणं. वर जायचं, वेग कमी करत जायचं, नाक वर धरून ठेवायचं. एका क्षणी पंखांना हवा धरवत नाही आणि विमान दगडासारखं खाली येतं. मग नाक खाली सोडायचं, इंजिन पूर्ण जोरात, की पुन्हा हवा धरते.

माझ्या तुकडीतला जेथ्रो काल म्हणाला होता की त्याने पहिल्या वेळी सगळ्या संतांची नावं घेतली, काही नवीनही तयार केले. मला कॅपनी आधी करून दाखवलं. विमान खाली गेलं. समोर काचेत नुसता समुद्र आला. मी समुद्र बघत होते. उथळ होता तिथे हिरवा, पुढे निळा. मग मी केलं. तीन वेळा, तिन्ही वेळा बरोबर.

"पोटात काही झालं?" कॅपनी विचारलं.

"नाही, कॅप."

"काहीच नाही?"

"सकाळी पाव खाल्लाय. तो आहे पोटात."

मी विनोद केला नव्हता, पण मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

जेथ्रो म्हणतो माझ्या अंगात रक्ताऐवजी बर्फाचं पाणी आहे. "तू लढाऊ विमानात जा, दाली. शत्रू तुला बघूनच गारठेल."

१० फेब्रुवारी

उड्डाण झाल्यावर विमानाभोवती फिरून बघायचं असतं. तेल गळतंय का ते वाकून बघताना इंजिनाच्या धुराच्या नळीला हात टेकला. ती तापलेली असते. कॅप ओरडले तेव्हा बघितलं तर हात अजून तिथेच होता. तळव्याला फोड आलाय.

कॅपनी स्वतः नळाखाली माझा हात धरला. पाणी बराच वेळ चालू ठेवलं. मी म्हटलं, बस झालं. ते म्हणाले, "दुखतंय का?" मी म्हटलं, दुखत असणार. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जसं ते इंधनाच्या काट्याकडे बघतात. काटा भरलेली टाकी दाखवतो, पण ते काट्यावर विश्वास ठेवत नाहीत, वर चढून टाकीत पट्टी बुडवून बघतात.

कधी कधी मला वाटतं मी काहीतरी विसरलेय. गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखं. पण खोलीत गॅस नाही. मानांग मिलाग चुलीवर करते.

१९ फेब्रुवारी

हजार फुटांवर कॅपनी न सांगता इंजिनाचा जोर काढून घेतला. "इंजिन गेलं. काय करशील?"

मी वेग धरला. वारा पाहिला. मासळीची तळी सोडली, पलीकडे कापून झालेलं भाताचं शेत होतं ते निवडलं, तिकडे वळले. उतरू असं दिसायला लागलं तेव्हा कॅपनी जोर परत दिला. मी सगळं वेळेत केलं होतं. त्यांना सांगण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी नानायला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, त्याच्यात उपजतच आहे ते."

२७ फेब्रुवारी

जेथ्रोला आज एकट्याला सोडलं. त्याचं उतरणं म्हणजे बेडूकउड्या. आजही दोन मारल्या. पण उतरला. मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी बादल्यांनी त्याला नखशिखांत भिजवलं. तो ओला चिंब, दात वाजवत म्हणत होता, "वर गेलो आणि आईची शपथ सांगतो, कॅपची सीट रिकामी बघून मला रडू आलं."

माझे तास त्याच्याहून जास्त झालेत. कॅप म्हणाले, "अजून नाही."

मला वाईट वाटलं का, याचा विचार केला. जेवणानंतर पुन्हा केला.

४ मार्च

आज विचारलंच. कॅप हँगरच्या सावलीत डब्यातला भात खात होते. मी म्हटलं, "माझं काय चुकतंय ते सांगा, मी सुधारते."

"काही चुकत नाही."

"मग?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "नांतेला मी किती लवकर सोडलं माहीत आहे? तो भित्रा होता म्हणून. दर उड्डाणाआधी हँगरमागे जाऊन ओकायचा. मग यायचा आणि विमानाचा एक एक स्क्रू बघायचा. असा माणूस परत येतो. त्याला यायचंच असतं."

नांते ओकायचा हे मला माहीत नव्हतं. घरी आला की हातांची विमानं करून दाखवायचा.

"आणि मी?"

"तुझे हात चांगले आहेत. त्याच्याहून चांगले. पण पोरी, तुला पडलं तरी चालेल असं दिसतं. ज्याला पडलं तरी चालतं त्याला मी एकटं सोडत नाही."

मला समजलं नाही. मी असं कधी म्हटलेलं नाही. पडलं तरी चालेल असं मी कुठे म्हणाले? मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि डबा उचलून पुन्हा जेवायला लागले.

५ मार्च

नानायला फोनवर सांगितलं की कॅप सोडत नाहीत. का म्हणून विचारलं तिने. मी सांगितलं, मी भीत नाही म्हणून. ती इतकी चिडली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "न भिणं हा गुन्हा झाला? मी बोलते त्यांच्या वरच्यांशी. बाईंना नाही म्हणायची टाप नाही कुणाची." नानाय चौथीच्या वर्गाला शिकवते. अर्ध्या बोलिनाओने तिच्या हातची पट्टी खाल्ली आहे, पण लिंगायेनमध्ये कुणी खाल्लेली नाही.

नांते ओकायचा हे तिला सांगायचं राहिलं.

९ मार्च

जहाजावरून ताताय बोलले. आवाज तुटत होता. "दाली, ऐक. तुला जर ते नको असेल तर तू," एवढं ऐकू आलं आणि बंद पडलं. थोडा वेळ फोन हातात धरून बसले. मग कपडे धुवायचे होते ते धुतले.

१२ मार्च

नानाय बोलली वाटतं कुणाशी तरी. मला कॅप्टन बुगारिनकडून काढून सर रोमेलकडे दिलं. सर रोमेल तरुण आहेत, चांगले आहेत, घाईत असतात. दोन उड्डाणं बघून म्हणाले, "तू तर तयार आहेस. तुला ठेवलंय कशाला?"

कॅप्टन बुगारिन वाटेत भेटले. रागावलेले दिसले नाहीत. म्हणाले, "दार नीट ढकलून लावत जा."

२० तारखेला एकटीने उडायचं ठरलं. नानाय येणार आहे. ती इथे कधी आलेली नाही, नांतेच्या वेळीही आली नव्हती.

२१ मार्च

काल लिहायला जमलं नाही.

नानाय सकाळच्या बसने आली. तांदळाच्या केकची टोपली आणली, सगळ्यांना वाटायला. आणि नांतेचा पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टे असलेला, इस्त्री करून. तो तिने मला घातला, बाह्या वर दुमडून पिना लावल्या, आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मी विचारलं, "कसा दिसतो?" 'कशी' म्हणायला हवं होतं. शर्टाबद्दल विचारलं असेल मी.

सर रोमेल माझ्याबरोबर एक फेरी मारून उतरले. उजव्या सीटचा पट्टा बांधून ठेवला, सुटा राहू नये म्हणून. हातात छोटा रेडिओ घेऊन ते गवतात उभे राहिले. "एकच फेरी. वर, समुद्रावरून मागे, वळून खाली. बस."

एक माणूस कमी झाला की विमान हलकं होतं आणि लवकर उचलतं. हे मला माहीत होतं, तसंच झालं. डावीकडे वळले, समुद्रावर आले, पुन्हा डावीकडे. आता पश्चिमेला जायचं, धावपट्टी डाव्या पंखाखाली मागे पडली की पुन्हा वळून उतरायला यायचं. धावपट्टी मागे पडली. मी वळले नाही.

का, ते मला अजून माहीत नाही. विसरले नव्हते. वळायची जागा दिसत होती. पण समोर डावीकडे नदीचं मुख आलं, पूल आला, आणि पुलापलीकडे रस्ता. रेडिओवर सर रोमेल विमानाचा नंबर घेऊन काहीतरी सांगत होते. टॉवरही बोलत होता. ते दुसऱ्या कुणाला सांगताहेत असं वाटत होतं.

लाब्राडोरचं वळण वरून अगदी साधं आहे. रस्ता थोडा वाकतो एवढंच. एक ट्रक चालला होता, मागे दोन मोटरसायकली. शेजारी हिरवी शेती, एक पत्र्याची शेड. मला वाटलं होतं तिथे काहीतरी असेल. तिथे काहीच नव्हतं. मी नीट बघायला वाकले. आणि मी वाकले तसा माझा हातही पुढे गेला, विमानाचं नाकही खाली गेलं, आणि ते वळण मोठं व्हायला लागलं. मोटरसायकलवाल्याचं पिवळं हेल्मेट दिसलं. पाठीवरची पिशवी दिसली.

"दालिसाय."

कॅप्टन बुगारिनांचा आवाज होता. जेथ्रोने नंतर सांगितलं की ते मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून धावत आले आणि त्यांनी सर रोमेलच्या हातातून रेडिओ काढून घेतला. मी त्यांना धावताना कधी पाहिलेलं नाही.

"दालिसाय, मी बोलतोय."

"हो, कॅप."

"किती उंचीवर आहेस ते बघून सांग."

मी बघितलं. "साडेचारशे."

"ठीक. तुला कुठे जायचंय?"

ते थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, नुसते थांबले. रेडिओत खरखर होत होती.

"उतरायचंय," मी म्हणाले.

"तिथे, की इकडे माझ्याकडे?"

आणि तेव्हा झालं ते. पायांखालची पेडलं थडथड वाजायला लागली, मला वाटलं इंजिन हलतंय, पण माझे पाय होते. तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. रस्ता केवढा जवळ आलाय ते दिसलं. शेजारी कुणी नाही ते दिसलं. मी पडणार असं मला वाटलं. मला पडायचं नव्हतं. हे मला वाटलं. कॅपनी वाटलेलं लिहायला सांगितलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

"तुमच्याकडे," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही.

"मग नाक वर घे. जोर पूर्ण. अशी. समुद्र उजवीकडे होता तो आता डावीकडे घे. घाई नाही. आम्ही इथेच आहोत, केक खातोय."

मी वळले. पहिल्यांदा फार उंचावरून उतरायला गेले, चाकं आपटून विमान उडालं, पुन्हा वर न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी उतरले, धावपट्टीवर दारुड्यासारखी डावी-उजवी करत. थांबले. इंजिन बंद करायची चावी तीनदा सुटली हातातून. पाय पेडलांवरून उचलेनात. कॅपनी दार उघडून एक एक पाय उचलून खाली ठेवला.

जेथ्रो बादली भरून उभा होता. त्याने ओतली नाही.

नानाय कुंपणाजवळ होती. विमान पश्चिमेला दिसेनासं झालं तेव्हा ते कुठे गेलं हे तिथे फक्त दोघांना, तिला आणि कॅपना, कळलं असेल. ती माझ्यापर्यंत चालत आली. "तिकडे कशाला गेलीस?"

"माहीत नाही."

तिने मला मारलं. दंडावर, लहानपणी मारायची तसं. मग पुन्हा मारलं. मग तोच दंड धरून उभी राहिली, आणि सोडेना.

२४ मार्च

शाळेने मला उडण्यापासून थांबवलं आहे. फेरी सोडून बाहेर जाणं हा गंभीर गुन्हा आहे, यात त्यांचं काही चूक नाही. पुढे काय ते कॅप्टन बुगारिनांच्या मतावर ठरेल म्हणाले.

नानाय मला घरी घेऊन आली. या सगळ्या महिन्यांत मी पहिल्यांदाच घरी आले. बसमध्ये मी खिडकीशी, ती माझ्या शेजारी. पूल आला तेव्हा तिने डोळे मिटले. मी म्हटलं, "नानाय, वरून पाहिलं मी. तिथे काही नाही." तिने डोळे उघडले नाहीत.

वळण मागे पडल्यावर म्हणाली, "त्याने त्या सकाळी फोन केला होता."

मी तिच्याकडे वळले.

"म्हणाला, नानाय, मला आता नाही होत. रोज उलट्या होतात. घरी येऊ का? मी म्हटलं, ये, बाळा. ये, बोलू आपण." पुढच्या सीटवरच्या बाईची कोंबडी पिशवीतून मान काढत होती, नानायने ती हाताने आत ढकलली. "मी भात टाकला होता. नको येऊस म्हटलं असतं, तिथेच थांब म्हटलं असतं, तर तो रस्त्यावर नसता."

मला वाटत होतं तिला त्याच्या ओकण्याचं माहीत नाही. मला वाटत होतं तिला मी वैमानिक व्हायला हवी आहे.

"तू वर असलीस की मला झोप लागायची," ती म्हणाली. "म्हणायचे, वर आहे ना, रस्त्यावर नाही."

तिच्या पिशवीचा बंद माझ्या मांडीवर आला होता, तो धरून ठेवला. घरी उतरेपर्यंत.

२ एप्रिल

झोपतेय. दुपारी उठते, जेवते, पुन्हा झोपते. नानाय उठवत नाही. तिची शाळा सुरू आहे, जाताना माझ्या अंगावर पांघरूण टाकून जाते. उन्हाळ्यात पांघरूण. घामाने जागी होते.

तळव्यावरची जागा आता दुखते. जखम केव्हाच भरली आहे, आता कशाला दुखते कळत नाही.

११ एप्रिल

ताताय पुन्हा बोलले. या वेळी आवाज नीट होता. विचारलं, "तुला काय करायचंय?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, ताताय." ते म्हणाले, "बरं." मग त्यांनी जहाजावर काय शिजवलं ते सांगितलं. मी सगळं ऐकलं. एकदा मध्येच म्हणाले, "नांतेला ते आवडलं असतं," आणि थांबले. मीही थांबले. फोन चालू होता. दोघंही नुसते श्वास घेत होतो. हे किती वेळ चाललं माहीत नाही, पण कुणी फोन ठेवला नाही.

१९ एप्रिल

आज रविवार. कॅप्टन बुगारिन आले. बसने आले, दोन पिशव्या घेऊन. एक माझी, एक नांतेची. मानांग मिलागने खोली आवरून दिल्या होत्या.

नानायने त्यांना ओट्यावर बसवलं, पंखा त्यांच्याकडे फिरवला. तिने बांगुस माशाचं चिंचेचं आंबट कालवण केलं होतं. कॅप दोनदा भात घेऊन बसले तेव्हा नानाय म्हणाली, "तुमच्याबद्दल मी वाईट बोलले होते, शाळेत फोन करून."

"ऐकलं मी. चांगलं बोललात, आवाज मैदानापर्यंत आला."

नानायचे कान लाल झाले. तिने त्यांच्या ताटात माशाचा पोटाकडचा तुकडा वाढला, जो ती कुणाला देत नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "त्यांनी माझ्यावर सोडलंय. तुला परत घ्यायचं की नाही."

"कॅप, मला भीती वाटते," मी म्हटलं. "परवा टेबलावर चढून दिवा बदलत होते, तर पाय लटपटले."

"छान. मग पुढच्या सोमवारी ये."

मी विचार केला. खरंच केला. नानाय तोंडात घास धरून थांबली होती.

"सोमवारी नाही," मी म्हटलं. "कधी येईन माहीत नाही. येईन की नाही तेही."

इतक्या महिन्यांत कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं नानाय काही बोलेल. ती चावायला लागली.

"तेही चालतं," कॅप म्हणाले आणि हाताने माशाचे काटे काढायला लागले. या माशाला फार काटे असतात, बोलता बोलता खाता येत नाही. त्यामुळे सगळे खाली बघत होतो, तेव्हा नानायने विचारलं, "तो खरंच रोज ओकायचा?"

"रोज. हँगरमागे. मग तोंड धुऊन पेपरमिंट चघळत यायचा. त्याला वाटायचं मला कळत नाही. मलाही द्यायचा एक. म्हणायचा, घ्या कॅप, हवेत बरं वाटतं. त्याचा मान राखायला मी खायचो. माझी एक दाढ किडली त्याच्या पायी."

"कसली पेपरमिंट?"

"पांढरी. मध्ये भोक असलेली."

नानायने हात तोंडावर ठेवला. "माझ्या आहेत त्या. मी वर्गात वाटायला ठेवते. दर वेळी घरी आला की डबा निम्मा व्हायचा आणि मी उंदरांना शिव्या घालायचे."

कॅप हसले. नानाय हसली. तिचं हसू मी सप्टेंबरनंतर ऐकलं नव्हतं, जरा घोगरं झालंय. मीही हसणार होते. तोंड उघडलं, आणि बाहेर दुसरंच काही आलं. मला वाटलं काटा अडकला. काटा नव्हता. मी रडत होते, ताटावर वाकून, जोरात, लहान मूल रडतं तसं, आणि ते थांबवता येईना.

कुणी गप्प हो म्हटलं नाही. नानायने माझ्यापुढचं ताट बाजूला सरकवलं, केस कालवणात जाऊ नयेत म्हणून. तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

"सांगा पुढे," ती कॅपना म्हणाली. "अजून काय काय करायचा तो?"